पावशेर तूप

तंबू मुलांच्या हौसेसाठी घेतला, असं मी सगळ्यांना सांगितलं. बायकोला, आईला, ऑफिसातल्या मंडळींना. ते खोटं होतं. मढला धाकट्या भावाच्या छपराखाली रात्र काढावी लागू नये, म्हणून मी तंबू घेतला. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. आता बोलल्याशिवाय पुढचं काही खरेपणानं सांगता येणार नाही, म्हणून आधी हे.

कल्याणहून माळशेज घाट चढून आलं की ओतूरच्या अलीकडे जुन्नर तालुक्यातलं मढ लागतं. तिथलं घर आणि शेत वडिलांच्या मागे धाकट्यानं सांभाळलं. आईही त्याच्याकडेच. मी डोंबिवलीत नोकरी केली, कर्ज काढून घर घेतलं. वडिलांनी सोळाव्या वर्षी माझ्या गळ्यात माळ घातली, ती कधी उतरली नाही. एकादशी चुकली नाही, रोजचा हरिपाठ चुकला नाही. धाकट्याच्या गळ्यातही त्याच दिवशी माळ पडली होती. त्याची चार वर्षांत तुटली आणि त्यानं ती पुन्हा घातली नाही. पुढे तो पिऊ लागला.

माझ्या मनात एक वही होती. नोकरीत बढती मिळाली, ती जमेला. मुलगी न्यूमोनियातून उठली, तीही जमेला, आणि त्यापुढे माझ्या नेमाची सही. धाकट्याचा कांदा चाळीत सडला, विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली, त्याची बायको वर्षभर माहेरी जाऊन राहिली, हे सगळं त्याच्या नावे. देव देतो त्याला कारण असतं आणि देत नाही त्यालाही असतं, हे वाक्य मी आईसमोरसुद्धा बोललो आहे. तिनं तेव्हा काही उत्तर दिलं नाही, चुलीत लाकूड सरकवलं.

ही वही किती वाईट होती ते सांगायला मला शेजारच्या आंबेगाव तालुक्यात जावं लागतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर आला. दीडशेहून जास्त माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे बाहेर कळलं ते एसटीच्या चालकामुळे. त्या आठवड्यात आमच्या भजनाच्या बैठकीत एकजण म्हणाला, देव कोपला, कुणाचं तरी पाप असणार. मी मान डोलावली. चिखलातून लहान मुलं बाहेर काढत होते आणि मी मान डोलावली. ओल्या डोंगराचा उतार सुटला होता. खाली कोण माळकरी आणि कोण नाही हे त्याला विचारायचं नव्हतं. पण मला माझी वही खरी ठरवायची होती.

असा माणूस तंबू घ्यायला गेला. पाहिजे होता तो घरासारखा: उभ्या भिंती, आत ताठ उभं राहता येईल एवढी उंची, तीन बाजूंना जाळीच्या मोठ्या खिडक्या. पावसासाठी वर एक कापड होतं, ते टोपीएवढंच, भिंती उघड्या. चार माणसांचा, असं लिहिलेलं होतं आणि मी ते मानलं. वजन, कांबी, शिवण यातलं काही मी पाहिलं नाही. लांबून दिसला पाहिजे, एवढं मात्र मनात होतं. गावानं बघावं, की थोरला आला आहे आणि त्याचं स्वतःचं बिऱ्हाड घेऊन आला आहे.

मे महिना होता. मढजवळचं पिंपळगाव जोगा हे कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. कालव्यांना पाणी सुटत राहतं, तशी उन्हाळ्यात कडेची जमीन मैल मैल उघडी पडते. आम्ही त्या उघड्या गाळावर तंबू ठोकला. दुपारी चारच्या सुमाराला धाकटा पाण्याचा कॅन घेऊन आला. तंबूभोवती एक फेरी मारली, एक खुंटी दोन बोटांनी हलवून पाहिली. म्हणाला, "दादा, धनगराचं पाल कधी एवढं उंच बघितलंय का? वळवाचे दिवस आहेत. खळ्यात लाव, भिंतीचा आडोसा आहे."

लहानपणी आम्ही दोघं धनगरांची पालं बघत तासन् तास बसायचो. बसूनच आत जाता येईल एवढी ती बुटकी असत. तोंड वाऱ्याच्या उलट, दोऱ्या खुंटीला आणि खुंटीवर दगड. घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड अर्ध्या तासात उभं राहायचं आणि रात्रीच्या वाऱ्यात ते हलायचं नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी त्याला म्हणालो, "तू तुझं बघ." मुलं ऐकत होती.

सातनंतर ओतूरच्या अंगानं आभाळ काळं झालं. वळीव आधी वारा पाठवतो. उभ्या भिंतीत वारा शिरला आणि तंबूचं शीड झालं. वीतभर लांबीच्या खुंट्या भुसभुशीत गाळातून लोण्यातून निघाव्यात तशा निघाल्या. फायबरची कांब सांध्यापाशी उभी चिरली. मग पाऊस आला, तो खिडक्यांच्या जाळीतून सरळ आत. एका खिडकीची चेन उघडी राहिली होती. मी अकरा वर्षांच्या मुलीच्या थोबाडीत मारली, "तूच उघडी टाकलीस" म्हणून. चेन मीच उघडी ठेवली होती. मारतानाही मला ते माहीत होतं. धाकटा मुलगा आईला बिलगून रडत होता, विजा पाण्यावर पडत होत्या, आणि मी पडलेल्या कापडावर उभा राहून ओरडत होतो. त्या वेळी माझ्या तोंडात देवाचं नाव नव्हतं. मी प्रार्थना केली असं मला म्हणता येत नाही, कारण मी केली नाही.

तेवढ्यात बॅटरीचा उजेड दिसला. दीड किलोमीटर चिखल तुडवत धाकटा आला होता. खांद्यावर दोन घोंगड्या. त्याच्या तोंडाला वास येत होता. त्या दिवशीही तो प्यायला होता, आणि तरी आला होता. एक शब्द न बोलता त्यानं पोराला पाठुंगळी घेतलं, मुलीच्या डोक्यावर घोंगडी टाकली आणि चालू लागला. आम्ही मागे. वाटेत एकदा थांबून म्हणाला, "वहिनी, डावीकडून या, तिकडे खड्डा आहे." आईनं चूल पेटवून ठेवली होती. आमच्यासाठी त्यानं पलंग सोडला आणि स्वतः ओट्यावर पोतं टाकून निजला.

रात्री मुलीची माफी मागितली. भावाची मागायला मला दिवाळी लागली.

त्या रात्री मला झोप आली नाही आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. ओतूरला मांडवीच्या काठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांचे गुरू. राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी अशी ती परंपरा, आणि स्वप्नात झालेल्या अनुग्रहाची तिथी माघ शुद्ध दशमी, हे मला तुकोबांच्या अभंगातून लहानपणापासून पाठ. कीर्तनात शेकडो वेळा ऐकलं असेल. पण त्याच अभंगात तुकोबा आणखी काही कबूल करतात. आपल्या हातून सेवा काहीच घडली नव्हती, गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं होतं आणि स्वप्नात त्याचाही विसर पडला. पावशेर तूप! एवढंच मागितलं होतं. तेही दिलं गेलं नाही आणि रामकृष्णहरी हा मंत्र मात्र मिळाला. मी आयुष्यभर परंपरेची नावं मोजत आलो आणि तूप ऐकलंच नाही. तुकोबा ते लपवू शकले असते. त्यांनी ते अभंगात घालून ठेवलं, मला वाटतं, माझ्यासारख्या हिशेबी माणसासाठीच.

आमचा तालुका तर रेड्याची समाधी बांधणारा, ती आळ्याला आहे. ज्ञानदेवांनी हात ठेवून वेद वदवले तेव्हा त्या रेड्यानं कोणतं व्रत केलं होतं?

देवानं आम्हाला वाचवलं असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर माळीणच्या लेकरांना त्यानं का सोडलं, याचं उत्तर मला द्यावं लागेल, आणि पुन्हा तीच वही उघडावी लागेल. मी एवढंच सांगतो: मी सगळ्यात वाईट होतो त्या घटकेला, मी न मागता, मी हाकलून दिलेला माणूस घोंगडी घेऊन आला. त्याला मी कृपा म्हणतो. ती माझ्या नेमाचा पगार नव्हती आणि त्याची दारू तिच्या आड आली नाही. हरिपाठ मी आजही रोज करतो. आता तो करताना मला काही जमेला धरायचं नसतं.

तंबूबद्दलही माझं मत बदललं, आणि ते सांगायला हवं, कारण हल्ली धरणांच्या कडेला मुलंबाळं घेऊन जाणारे खूप दिसतात. तंबूवर लिहिलेला माणसांचा आकडा खांद्याला खांदा लावून झोपलेल्यांचा असतो. चौघांच्या घराला सहाचा घ्या. घुमटासारखा बुटका घ्या, वारा त्याच्यावरून निघून जातो. बाहेरचं पाणकापड जमिनीपर्यंत आलेलं हवं, शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली हवी, तळाचं कापड कडेला परातीसारखं वर वळलेलं हवं. कापड किती मिलिमीटर पाण्याचा दाब झेलतं ते लिहिलेलं असतं. आपल्या पावसाला तीन हजार असलेलं बरं. कांबी ॲल्युमिनियमच्या. खुंट्या लांब, आणि त्या तंबूपासून बाहेर कललेल्या ठोकायच्या. पेटती शेगडी आत नेऊ नका, तिचा धूर दिसला नाही तरी वायू झोपेतच जीव घेतो. वीज कडाडू लागली की कोणताही तंबू उपयोगाचा नाही, झाडाखालीही जाऊ नका. पक्कं घर नाही तर गाडी गाठा. आणि आमच्या जुन्नरात उसाच्या कडेला मुलांना घेऊन उघड्यावर कधीच निजू नका. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. ऊस हेच आता त्यांचं घर झालं आहे. सगळ्यात आधी गावातल्या माणसाला विचारा, तो तुम्हाला आवडत नसला तरी.

मी नवा तंबू घेतला तो सहा माणसांचा. गेल्या दिवाळीत धाकट्याच्या खळ्यात, भिंतीच्या आडोशाला लावला. खुंट्या त्यानं ठोकल्या. आत आम्ही चौघं, आई आणि तो. तो अजून पितो.