मंद आचेवरचा गुरुवार

स्लो कुकरवर आपल्या लोकांचा पटकन विश्वास बसत नाही. साहजिकच आहे. आपण शिट्ट्या मोजत वाढलेली माणसं. वरणाला तीन, राजम्याला सहा, आणि मधेच कुणी विचारलं "किती झाल्या रे?" की घरात दोन मतं ठरलेली. इथे तसलं काहीच नाही. चिनी मातीचं एक जाडजूड भांडं, वर काचेचं झाकण, आणि बटणं तीन: लो, हाय, वॉर्म. आवाज नाही, वाफेचा फवारा नाही. सकाळी लावा, संध्याकाळी उघडा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर तिचा पहिला प्रश्न, "अरे, पण चालू आहे हे कळतं कशावरून?" (बारकासा लाल दिवा असतो. तिचं समाधान झालं नाही.)

तर मंडळी, गेले दोन महिने दर गुरुवारी मी या भांड्यात मीटलोफ आणि बटाटे करतोय. मीटलोफ म्हणजे खिमा, पावाचा चुरा, अंडं, कांदा असं एकत्र मळून त्याचा पावाच्या आकाराचा लांबट गोळा करायचा आणि शिजवून त्याच्या चकत्या कापायच्या. आपल्या खिमा कटलेटचा बिनमसाल्याचा अमेरिकन चुलतभाऊ म्हणा. १९३०च्या दशकातल्या महामंदीत तो इथे घरोघरी पोचला, कारण पावाचा चुरा घातला की थोडक्या खिम्यात सगळं कुटुंब जेवतं.

मला स्वतःला हा पदार्थ फारसा आवडत नाही. मग करतो कशाला? सांगतो.

इथे कोलंबसमध्ये आमच्या टीममधल्या सगळ्यांत जुन्या डेव्हलपरच्या बायकोची केमोथेरपी सुरू आहे. मी भारतातून आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात बँकेपासून लायसन्सपर्यंत सगळीकडे मला गाडीतून फिरवणारा हाच माणूस. आपल्याकडे अशा वेळी शेजारच्या काकू न विचारता डबा घेऊन येतात. इकडे एक स्प्रेडशीट येते. तारीख, नाव, पदार्थ, आणि शेवटचा कॉलम 'काय चालत नाही'. सुरुवातीला मला ते फार कोरडं वाटायचं. आजारपणात कसली एक्सेल शीट? पण दोन गुरुवार झाल्यावर लक्षात आलं की तो शेवटचा कॉलम म्हणजेच खरी माया आहे. आपल्याकडच्या काकूंना तो तोंडपाठ असतो, इथे लिहून ठेवावा लागतो, एवढाच फरक.

ऑफिसच्या पॉटलकमध्ये माझी पावभाजी बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे, म्हणून मी आधी तीच विचारली. तो म्हणाला, "तिला आवडायची. पण आता तोंड आलंय, आणि फोडणीचा वास सहन होत नाही." मग शीटमध्ये त्याने लिहिलं, साधं, मऊ, मांस आणि बटाटे. ती लहानपणी खायची तसं. गुरुवारची रांग रिकामी होती. घेतली.

आईला हे सांगितलं तर म्हणाली, "त्यात थोडं आलं-लसूण तरी घाल रे! नुसतं काय जाईल तिच्या घशाखाली?" मी म्हटलं, आई, तुला टायफॉइड झाला होता तेव्हा आजीने काय दिलं होतं? मऊ भात, तूप, मेतकूट. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "बरं, मीठ तरी बेताने घाल."

आता कृती. मापं दोघातिघांसाठी आणि दुसऱ्या दिवशीच्या सँडविचसाठी पुरतील अशी.

टर्कीचा खिमा दोन पौंड, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम. बीफ मी आणत नाही हे एक, आणि केमो चालू असताना बऱ्याच जणांना लाल मांसाला धातूसारखी चव लागते हे दुसरं. ही दोन कारणं जुळून आली, त्यामुळे कुणालाच काही समजवायला लागलं नाही. खिमा अगदी बिनचरबीचा नको, वाळूसारखा होतो. एक वाटी पावाचा चुरा अर्ध्या वाटी दुधात भिजवून ठेवायचा. हा भिजलेला चुरा लोफ मऊ ठेवतो, तो गाळू नका. एक कांदा अगदी बारीक चिरून थोड्या बटरवर परतलेला, एक अंडं, मीठ, चिमूटभर मिरपूड. हलक्या हाताने एकत्र करायचं. कणीक तिंबल्यासारखं मळलंत तर लोफ रबरी होईल.

हे सगळं बुधवारी रात्री करून वेगळ्या भांड्यात फ्रिजमध्ये ठेवतो. कुकरचं भांडं मात्र फ्रिजमध्ये घालायचं नाही. ती जाड चिनी माती एकदा थंडगार झाली की तापायलाच तास-दीड तास खाते, आणि तेवढा वेळ मांस धोक्याच्या पट्ट्यात राहतं. ४ ते ६० अंश सेल्सियस हा तो पट्टा, जंतू जिथे सुखाने वाढतात. म्हणूनच गोठलेला खिमाही थेट कुकरमध्ये टाकायचा नसतो.

गुरुवारी मी घरून काम करतो. अकराच्या सुमाराला बटाट्याच्या इंचभर फोडी भांड्याच्या तळाशी आणि कडेने लावायच्या. बटाटे खाली, मांस वर. हे उलट वाटतं ना? पण कुकरची तार असते भिंतीत, त्यामुळे उष्णता बाजूंनी येते. शिवाय खिमा ७४ अंशाला तयार होतो, तर बटाटा नव्वदीच्या आसपास गेल्याशिवाय मऊ पडत नाही. ज्याला जास्त लागतं त्याला आचेजवळ बसवायचं. वर अर्धी वाटी चिकन स्टॉक. मग फॉइलच्या दोन रुंद पट्ट्या अधिकच्या चिन्हासारख्या टाकून त्यावर लोफ ठेवायचा. शेवटी याच पट्ट्या धरून तो अख्खा उचलता येतो. लोफ बटाट्यांवर राहिला की रसात बुडून उकडत नाही.

झाकण. लो. सहा तास.

आणि मग काहीही करायचं नाही. हा भाग आपल्याला सगळ्यांत अवघड! दोन मीटिंगच्या मधे उठून झाकण उघडावंसं वाटतं. उघडायचं नाही. एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि पंधरावीस मिनिटं वाढतात. (जाता जाता: राजमा यात थेट घालू नका. कच्च्या राजम्यातलं एक विष मंद आचेवर मरत नाही. आधी भिजवून, पाणी बदलून, गॅसवर चांगला खळखळून उकळा आणि मग कुकरमध्ये टाका.)

स्लो कुकरमध्ये लोफला खरपूस रंग येत नाही. आतली हवा ओली आणि तापमान शंभराच्या खाली, त्यामुळे तपकिरी कवच धरायला लागतो तेवढा ताव मिळत नाही. घरी खायचा असेल तर मी शेवटी ट्रेमध्ये काढून, वर केचप आणि ब्राउन शुगर लावून पाच मिनिटं ब्रॉयलरखाली ठेवतो. तिच्यासाठी तसं करत नाही. तोंड आलेल्या माणसाला कवच टोचतं आणि टोमॅटो झोंबतो. म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात अर्ध्या लोफवर केचप, तो नवऱ्याचा आणि मुलाचा. अर्धा कोरा, तो तिचा.

निघायच्या आधी थर्मामीटर. सुईवाला, डिजिटल. लोफच्या बरोब्बर मध्यात. १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश, दिसल्याशिवाय प्लग काढायचा नाही. टर्कीचा नियम एरवीही तोच आहे, पण एरवी आपण रंगावर भागवतो. केमोमध्ये पांढऱ्या पेशी खाली येतात, आणि आपल्याला दोन दिवस पोट धरून बसवणारा जंतू त्या माणसाला हॉस्पिटलात पोचवू शकतो. प्रॉडक्शनला कोड टाकताना मी इतका शांत कधीच नसतो. तिथे रोलबॅक असतो.

मग झाकण क्लिपांनी बंद, भांडं टॉवेलात गुंडाळून गाडीच्या पायाशी, आणि वीस मिनिटांवर त्यांचं घर. स्वयंपाकाचा सहा तासांचा वास माझ्या घरात राहतो, तिच्या घरात पोचतं फक्त जेवण. तिथे प्लग लावायचा आणि बटण वॉर्मवर.

हे वॉर्म बटण मला दोन महिन्यांपूर्वी निरुपयोगी वाटायचं. वॉर्मवर अन्न साठ अंशांच्या वर गरम राहतं, पुढे फारसं शिजत नाही, आणि तीनचार तास सहज निघतात. केमो चालू असलेल्या माणसाला भूक कधी लागेल याचा काही नेम नसतो. सहाला नको असतं, सातला नको असतं, आणि मग अचानक दोन घास जातील असं वाटतं. त्या क्षणी कुणी उठून फ्रिज उघडून, मायक्रोवेव्ह लावून, "गरम करून आणतो हं" म्हणेपर्यंत ती वेळ निघून जाते. आयुष्यभर आपण ऐकलेलं वाक्य म्हणजे "चला, पान वाढलंय, गार होतंय". इथे जेवण माणसासाठी थांबतं.

गंमत म्हणजे हे यंत्र अशाच थांबण्यातून जन्मलं. आयर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाला १९४० साली त्याचं पेटंट मिळालं. मूळ गोष्ट त्याच्या आईने सांगितलेली. लिथुआनियातल्या विल्नामध्ये ज्यू घरांत शुक्रवारी सूर्यास्तानंतर विस्तव पेटवायचा नाही, म्हणून त्याआधी चोलंटचं भांडं बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायचे. भट्टीच्या उरलेल्या उबेवर ते रात्रभर शिजायचं. पुढे रायव्हल कंपनीने नॅक्सनचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली 'क्रॉक-पॉट' नावाने ते बाजारात आणलं, नोकरीला जाणाऱ्या बायकांना डोळ्यासमोर ठेवून. म्हणजे घरी बसून राखण करायला कुणी नाही, तरी ताटात गरम हवं, ही गरज तेव्हापासूनची.

तुमच्या ऑफिसात अशी शीट आली तर एकच सुचवतो. "काय करून आणू?" असं विचारू नका. आजारी घराला निर्णय घ्यायला लावणं म्हणजे आणखी एक काम देणं. "काय चालत नाही?" एवढं विचारा, आणि जे आणाल ते थांबू शकेल असं आणा.

परवा शुक्रवारी सकाळी स्टँड-अपच्या आधी त्याचा मेसेज आला. दोनच वाक्यं. "साडेनऊला खाल्लं तिने, एक चकती आणि थोडे बटाटे. गरम होतं."