मृताच्या पॅनवरचा टीडीएस

भारतात वारशावर कर नाही. 1953 च्या कायद्याने आलेली इस्टेट ड्यूटी 1985 मध्ये रद्द झाली. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेली मालमत्ता वारसाचे उत्पन्न धरली जात नाही. म्हणून निवृत्तीनंतरची तजवीक म्हणजे नॉमिनीचे नाव घालणे आणि मृत्युपत्र कपाटात ठेवणे, एवढीच समजूत घरोघरी असते. मालमत्तेतून पुढे येणारे व्याज आणि भाडे मात्र करपात्रच राहते.

मृत्यूच्या वर्षातले उत्पन्न दोन भागांत विभागते. 1 एप्रिलपासून निधनाच्या तारखेपर्यंतचे मृताचे; त्याचे विवरणपत्र वारसाने प्राप्तिकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून भरायचे. थकीत कर निघाला तर वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. नंतरचे उत्पन्न ज्याच्याकडे मालमत्ता गेली त्याचे.

प्रस्तुत लेखकाच्या घरी गाडी अडली ती टीडीएसपाशी, म्हणजे व्याज देतानाच बँक कापते त्या करापाशी. ठेवी आई-वडिलांच्या संयुक्त नावाने, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीच्या. पहिले नाव वडिलांचे. दर एप्रिलला ते कर कापू नये म्हणून 15एच हा फॉर्म देत, म्हणून कपात होत नसे. ते गेल्यावर दाखला बँकेत दिला, तरी ठेवी जुन्याच नावाने चालू राहिल्या. आईचा 15एच 'पॅन जुळत नाही' म्हणून परत आला. व्याज आईचे, कापलेला 10 टक्के कर वडिलांच्या 26एएसमध्ये, म्हणजे त्यांच्या पॅनवरच्या करजमेच्या उताऱ्यात. उत्पन्न दुसऱ्याचे असेल तर कपातीचे श्रेय त्याला द्यावे, असा नियम 37 बीए होता. पण त्यासाठी ज्याच्या नावे कपात झाली त्याने बँकेला निवेदन द्यायचे. म्हणजे मृताने! काउंटरवर एकच उत्तर : "सिस्टीम पहिल्या होल्डरचाच पॅन उचलते." विवरणपत्रात दुसऱ्याच्या पॅनवरील कपातीचा रकाना असतो, तो भरला, तर तफावतीची नोटीस आली. अखेर वारस म्हणून मुलाच्या सहीचे निवेदन घेऊन बँकेने आपले टीडीएस विवरण दुरुस्त केले. हे पहिल्याच दिवशी का चालले नाही, याचा खुलासा कोणी केला नाही. रक्कम किरकोळ होती, संताप नव्हता.

अशा वेळी कमी उत्पन्नाच्या जोडीदाराचे नाव ठेवीत पहिले घाला, असा सल्ला मिळतो. तो अर्धाच खरा. पैसा पतीचा असेल तर त्याच्या हयातीत व्याज त्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते, नाव कोणाचेही असो. तरीही मागे राहणाऱ्याची धावपळ वाचते, म्हणून तो मानावा.

कुटुंब निवृत्तिवेतनाचा न्याय त्याहून अजब. निवृत्त माणसाचे पेन्शन पगार गणले जाते आणि नव्या करप्रणालीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. तेच पेन्शन निम्म्याच्या आसपास होऊन विधवेकडे आले की 'इतर उत्पन्न' ठरते, आणि वजावट एक तृतीयांश किंवा 25,000, यांतली कमी असेल ती.

घराचे गणित त्या मानाने सोपे. वारसाने घर विकले तर खरेदीची किंमत आणि तारीख मूळ मालकाची धरतात. घर 1 एप्रिल 2001 पूर्वीचे असेल तर त्या दिवसाचे बाजारमूल्य घेता येते. दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के कर. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांकासह 20 टक्क्यांचा हिशेब फायद्याचा पडत असेल तर निवासी भारतीयाला तो लावता येतो. हयातीतच राहते घर मुलांना द्यायचे झाले, तर महाराष्ट्रात अशा बक्षीसपत्रावर मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा.