चावीवाल्याची चाल

ठाण्यात पळण्याचा विषय निघाला की पहिलं नाव येऊरचं येतं. मग उपवन. मग कुणीतरी घोडबंदर रोडचे सर्व्हिस रोड काढतं. पूर्वेच्या कोपरीचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. पूर्वेची माणसंसुद्धा पहाटे गाडी काढतात, पूल ओलांडून पश्चिमेला जातात, तिथे पळतात आणि परत येताना पुलावरच्या गर्दीला शिव्या देतात. मीही तेच केलं असतं. केलं नाही, याचं श्रेय रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका चावीवाल्याचं आहे.

त्यांना सगळे नाना म्हणायचे. मी शाळेत शिकवते हे कळल्यापासून ते मला बाई म्हणू लागले आणि अजून म्हणतात. रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा मी मीठबंदर रोडवर जाऊ लागले. घराजवळ तेवढाच एक रस्ता होता ज्याच्या टोकाला इमारत नव्हती. नाना तिथे रोज असायचे. डोक्याला मफलर, पायात साध्या चपला, हात मागे बांधलेले. चालणं मात्र असं की मी जवळजवळ पळतच त्यांच्या मागे राहायची.

चावीवाला म्हणजे काय हे लोकलने आयुष्यभर फिरणाऱ्या माणसालाही नीट ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणारी लोखंडी चावी असते. गाड्यांच्या हादऱ्याने ती सैल होते, कधी निघून पडते. चावीवाला रोज आपल्या हद्दीतले पाच-सहा किलोमीटर चालतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवी झेंडी आणि धोक्याचे फटाके. जाताना एक रूळ बघत जातो, येताना दुसरा. चावी सैल दिसली की ठोकायची, रुळाला तडा दिसला की गाडी थांबवायची. ऊन असो, पाऊस असो, सणवार असो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली हे आपण पोरांकडून पाठ करून घेतो. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल होऊन गाडी कल्याणला गेली आणि चेंदणी कोळीवाड्याचे रुळांच्या अलीकडे-पलीकडे दोन भाग पडले, हेही एखादा शिक्षक सांगतो. पण तेव्हापासून आजतागायत कुणीतरी रोज ते रूळ पायी तपासत आलंय, हे कुठल्या धड्यात नाही.

एका सकाळी नाना थांबले आणि म्हणाले, ‘‘बाई, टाचा आपटताय. लांब ढांगा टाकू नका. आम्ही स्लीपरवरनं चालणारी माणसं. दोन स्लीपरमधलं अंतर दोन फुटांच्या आसपास. तेवढंच पाऊल, पण लौकर लौकर. दमायला होत नाय, अन् गुडघा तक्रार करत नाय.’’ मग मिस्कीलपणे पुढे म्हणाले, ‘‘गुडघ्याची तक्रार ऐकून घ्यायला कोण साहेब नसतो.’’

माझं पळणं त्या दोन फुटांतून सुरू झालं. पुढे पळण्याचे वर्ग घेणाऱ्यांकडूनही तेच ऐकलं. पाऊल छोटं, मिनिटाला पावलं जास्त, पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, पुढे नाही. ते सांगण्याचे पैसे घेत होते. नानांनी चहादेखील माझ्याकडून घेतला नाही. आपला चहा ते घरूनच पिऊन यायचे.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती रस्त्याची. कोपरीची जागा तशी खाडीत घुसलेल्या चिंचोळ्या टोकासारखी आहे. पश्चिमेला रूळ, उत्तरेला कळव्याकडची खाडी, पूर्वेला कांदळवन. नकाशात बोटभर जागा. पण नानांनी तिच्यात तीन वाटा बसवल्या होत्या. पहिली बारा बंगल्यांच्या बाजूची. तिथे जुनी मोठी झाडं आहेत, मार्च-एप्रिलमध्येही सावली मिळते, गाड्या कमी. दुसरी हायवेच्या कडेकडेने मुलुंडच्या दिशेला जाणारी. ती त्यांना आवडायची नाही, पण पावसात चिखल नको असला तर तीच. तिच्यावर पळताना नेहमी समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड ठेवायचं, हा रुळांवरचा नियम. पाठीमागून येणाऱ्या गाडीवर विश्वास टाकायचा नाही. आणि तिसरी मीठबंदरची, पाण्यापर्यंत जाणारी. तिला ते ‘लाईन’ म्हणायचे.

मीठबंदरची वाट सुंदर आहे, असं मी सरसकट म्हणणार नाही. ओहोटीला चिखलाचा वास येतो. तिवरांच्या श्वासमुळांना प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात. विसर्जनानंतरचे काही दिवस तिकडे बघवत नाही. पण उजाडताना तिवरांच्या पानांवर मिठाचा पांढरा पापुद्रा दिसतो. जास्तीचं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. चिखलात शेपटी हलवत फिरणारे तुतवार दिसतात, खंड्या दिसतो, वंचक तर इतका निवांत उभा असतो की शेजारून पळालं तरी मान वळवत नाही. रोहित पक्ष्यांचे मोठे थवे खाली भांडुप-ऐरोलीच्या बाजूला उतरतात. तिथल्या 1690 हेक्टर खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. आमच्या वाट्याला डोक्यावरून जाणारी एखादी गुलाबी रांग येते. तेवढी पुरते.

नाना मूळचे खटावचे. ज्या तालुक्यात पाण्याच्या टँकरची वाट बघावी लागते, तिथला माणूस भरती-ओहोटी कुठे शिकला? चेंदणीच्या एका म्हाताऱ्या कोळ्याकडून. ड्युटी संपवून ते बंदरावर बसायचे, तिथे हे गणित मिळालं. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पूर्ण भरती. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. खाडीच्या या टोकाला पाणी पोचायला थोडा उशीर धरायचा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी बेताचं. पुनव-अवसेला उधाण. वर्गात पाढे शिकवताना मी हे गणित फळ्यावर घालते. त्रिकाचा पाढा पोरांना एवढ्या उत्साहाने म्हणताना मी आधी ऐकलं नव्हतं.

त्या कोळ्याला मी पाहिलेलं नाही. त्यांचं ऋण नानांवर, नानांचं माझ्यावर. हा हिशोब कुणी कुणाला फेडायचा हे मला अजून उलगडलेलं नाही.

2019 च्या ठाणे वर्षा मॅरेथॉनला मी नाव दिलं तेव्हा नानांना हसू आवरेना. ‘‘पावसात पळायला नाव नोंदवायचं? आम्ही पावसात चालायचा पगार घेत होतो.’’ मग गंभीर होऊन त्यांनी 26 जुलै 2005 ची रात्र सांगितली. गाड्या बंद, रूळ पाण्याखाली, आणि रुळाखालची खडी वाहून गेली का हे हातातल्या काठीने चाचपडत बघणारी चार माणसं. किती चाललात, असं मी विचारलं. ‘‘रुळ दिसंना, मग मोजायचं काय?’’ एवढंच म्हणाले.

नंतर मुलगा व्हँकूवरला गेला आणि उन्हाळ्यात मी त्याच्याकडे राहून आले. तिथे स्टॅन्ली पार्क नावाचं जंगल समुद्रात शिरलं आहे. सुमारे चारशे हेक्टर, तीन बाजूंना पाणी, आत देवदाराच्या जातकुळीची उंच झाडं. 1888 पासून ते उद्यान आहे. त्याआधी तिथे मूलनिवासींची वस्ती होती आणि ती हटवली गेली, हेही तिथली माणसं आता सांगतात. त्याच्या कडेने समुद्राला लागून दगडी बांधाची वाट आहे. पूर्ण वेढा नऊ-दहा किलोमीटरचा. पळणाऱ्यांनी स्वप्नात बघावी अशी. मी पळाले. पाऊल दोन फुटांचं, लौकर लौकर.

त्या बांधावर एका ठिकाणी फलक आहे. जेम्स कनिंगहॅम, गवंडी. 1931 पासून 1963 मध्ये मरेपर्यंत हा माणूस तो बांध घालत होता. बांध पूर्ण झालेला त्याने पाहिला नाही, तो 1980 साली झाला. मी तिथे बराच वेळ थांबले. मुलाला वाटलं मी दमले. मला आमच्याकडचा एकही फलक आठवत नव्हता. पुलाच्या कोनशिलेवर उद्घाटकाचं नाव असतं, प्रमुख पाहुण्यांचं असतं, कधी नगरसेवकांची यादी असते. गवंड्याचं, मुकादमाचं, चावीवाल्याचं नाव लिहिलेली कोनशिला मी तरी ठाण्यात वाचलेली नाही. हा दोष कुण्या एका खात्याचा नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीचा आहे.

रात्री नानांना फोन केला. गुडघ्यांनी शेवटी तक्रार केलीच, म्हणून ते तोवर खटावला भावाकडे राहायला गेले होते. मी उत्साहाने सांगितलं की तुमचं गणित इथे चालत नाही. इथल्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी, एक बारकी, त्यांच्या वेळाही तिथीच्या पाऊणपटीत बसत नाहीत. नाना क्षणभर विचार करून म्हणाले, ‘‘मग तिथल्या कोळ्याला विचारा की.’’

नानांचं ऋण फेडायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एकदा पळायचे बूट आणले. त्यांनी हातात घेतले, तळवा वाकवून बघितला, शिवण बघितली, ‘‘चांगला माल आहे’’ म्हणाले आणि परत दिले. आमच्या इमारतीच्या वॉचमनच्या मुलाला ते बरोबर बसतील, हेही सांगितलं. बसले. माझ्याकडून त्यांनी मागितली ती एकच गोष्ट. डोळ्यांना अंधुक दिसू लागल्यावर कॅलेंडरवरच्या बारीक तिथ्या वाचता येईनात, तेव्हा महिन्याच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरात तिथी आणि भरतीच्या वेळा लिहून द्या म्हणाले. ते खटावला गेल्यावरही मी लिहिते. तिथे खाडी नाही, विहिरीलाही उन्हाळ्यात पाणी नसतं, तरी पुतण्याच्या फोनवर तो कागद मागवतात आणि वाचून घेतात. त्याच कागदाची प्रत आता आमच्याबरोबर पळणाऱ्या बायकांच्या ग्रुपवरही जाते. यातल्या बऱ्याच जणी पूर्वी येऊरला गाडीने जायच्या.

तुम्ही ठाणे पूर्वेला राहत असाल, तर एकदा मीठबंदरला या. भरलेलं पाणी बघायचं असेल तर अष्टमी-नवमीला सकाळी, चिखलातले पक्षी बघायचे असतील तर पुनव-अवसेच्या पहाटे, ओहोटीला. पुनव-अवसेच्या दुपारी पाऊस असेल तर येऊ नका. आणि कोळणी टोपल्या घेऊन समोरून आल्या तर बाजूला व्हा. तो रस्ता आधी त्यांचा आहे.