खुंट कीं मनुष्य?

संशय हा शब्द आपल्या घरांतून बहुधा वाईट अर्थानेंच कानीं पडतो. संशयी सासू, संशयी धनी, संशयानें झालेल्या वाटण्या! न्यायशास्त्रानेंही त्याला मान दिलेला नाहीं. तिन्हीसांजेस दूर कांहीं उभें दिसतें. तो खुंट कीं मनुष्य, असें एकाच वस्तूविषयीं दोन विरुद्ध कल्पनांत हेलकावणारें ज्ञान तो संशय, आणि त्याची गणना अयथार्थ ज्ञानांत. माझ्या संस्कृताच्या तासांत हें उदाहरण हटकून येई. अशाच संशयाला गणिताची शिस्त लावून त्याच्याकडून मोठ्या जबाबदारीचें काम करून घेतात, हें मात्र मला माझ्या पुतण्याकडून कळलें. तो रडारविद्येचा अभ्यास करतो.

तें काम असें. शत्रूचें क्षेपणास्त्र आकाशांत आहे. तें कोठें पडणार हें पडण्यापूर्वीं सांगावयाचें. रडार रेडिओलहरी सोडतें आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंतर व दिशा मोजतें. दिशेंत अंशाच्या दहाव्या हिश्शाची चूक झाली, तरी ३०० किलोमीटरांवर ती अर्ध्या किलोमीटरहून अधिक भरते. म्हणून प्रत्यक्षास अनुमानाची जोड द्यावी लागते. हंगेरींत जन्मलेल्या रुडॉल्फ कालमान या पंडितानें १९६० सालीं त्याची एक रीत प्रसिद्ध केली: वस्तु आतां कोठें असावी याचा अंदाज आधीं करावा, तो प्रत्यक्ष मापाशीं ताडावा, आणि ज्याचा भरंवसा जितका, तितकें त्याचें ऐकावें. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांनीं हीच रीत वापरली.

अडचण पुढेंच आहे. अंदाज करावयाचा तर वस्तु कोणत्या नियमानें चालते हें ठाऊक पाहिजे. आणि क्षेपणास्त्र एका नियमानें चालतच नाहीं. १९४४ च्या सप्टेंबरांत लंडनवर पडूं लागलेलें जर्मन व्ही-२ घ्या. पहिलें मिनिटभर इंजिन जळे. इंधन सरे तसें वजन घटे व वेग वाढे. मग इंजिन बंद. पुढें तें केवळ फेकलेला दगड, गुरुत्वाकर्षणाच्या स्वाधीन. शेवटीं दाट हवेंत शिरलें कीं हवेचा अडसर. हा अडसर किती, तें त्याच्या वजनावर व आकारावर अवलंबून, आणि तीं दोन्ही रडारला कोण सांगणार?

“मग काका, एकच नियम धरून बसलें तर काय होईल?” पुतण्यानें विचारिलें.

“आपण खुंट समजून बसावें, आणि मनुष्य चालूं लागावा!” मीं म्हटलें.

यावर हेंक ब्लोम व याकोव्ह बार-शालोम यांनीं १९८८ सालीं मांडलेली तोड मला फार आवडली. इंजिनाची गति, मुक्त गति व हवेंतील गति, या तिन्ही कल्पना एकदमच चालू ठेवावयाच्या. प्रत्येक कल्पना पुढचें स्थान वर्तविते. नवें माप आलें, कीं जिचें भाकित जवळ तिचें वजन वाढतें, इतरांचें घटतें. सर्वांचा वजनाप्रमाणें मिलाफ तें उत्तर. शिवाय दर फेरीच्या आरंभीं प्रत्येकीच्या मतांत इतरांच्या मताचा अंश मिसळतात. त्यामुळें मागें पडलेली कल्पना भलत्याच वाटेला लागत नाहीं, आणि तिची वेळ येतांच पुढें होते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस ही व्यवस्था निराळी समजावून सांगावयास नको.

भलत्या जागीं पाहिल्यास काय होतें, याचा दाखला २५ फेब्रुवारी १९९१ चा. सौदी अरबस्तानांत धाहरान येथें पेट्रियट या क्षेपणास्त्रनाशक अस्त्रांची यंत्रणा १०० तास अखंड चालू होती. सेकंदाचा दहावा भाग संगणकाच्या अंकपद्धतींत पुरा मांडतां येत नाहीं. ती बारीक तूट सांठून ०.३४ सेकंदांची झाली, आणि अस्त्र जेथें शोधावयाचें ती जागा ६८७ मीटरांनीं सरली. तेथें कांहीं दिसलें नाहीं, म्हणून कांहीं नाहींच असें यंत्रानें ठरविलें. २८ अमेरिकन सैनिक मेले. हा दोष घड्याळाचा, गतीच्या कल्पनेचा नव्हे. परंतु त्याच युद्धांत, पल्ला वाढविण्यासाठीं इराकनें फेरफार केलेलीं कित्येक अस्त्रें हवेंत शिरतांना मोडत आणि मळसूत्रासारखीं फिरत खालीं येत. असली गति तिन्ही कल्पनांत कोठेंच बसत नाहीं.

मग चवथी, पांचवी कल्पना कां घालूं नये? घालतात, पण फार घातल्या तर निरुपयोगी कल्पना आपसांत वजन वांटून घेतात व उत्तर उलट बिघडतें. पुतण्यानें कागदावर तीन कल्पनांच्या वजनांच्या तीन रेषा काढून दाखविल्या. अस्त्र हवेंत शिरतांना दुसरी उतरते, तिसरी चढते. मध्यें कांहीं सेकंद दोघी सारख्याच. तेवढ्या अवकाशांत अस्त्र कित्येक किलोमीटर जवळ आलेलें असतें.