आधी तारा

१७ एप्रिल २०२५, गुरुवार

सकाळपासून फोन वाजतोय. आधी सांगलीची मावशी, मग भाच्याचे व्हॉट्सॲप, मग एका वर्तमानपत्रातला मुलगा. "मॅडम, परग्रहावर जीवसृष्टी सापडली, त्यावर फक्त दोन ओळी द्या." म्हटलं, सापडली असती तर दोन ओळींत आवरलं असतं का मी? तो हसला नाही. त्याला पान सोडायचं होतं.

बातमी के२-१८बी या ग्रहाची. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला जेम्स वेब दुर्बिणीतून त्याच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्या आहेत. आपल्याकडे हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव सोडतात. ग्रह १२४ प्रकाशवर्षं लांब, वस्तुमानाने पृथ्वीच्या साडेआठपटीच्या आसपास, एका लाल बटू ताऱ्याभोवती ३३ दिवसांत फेरी मारणारा. निकाल तीन सिग्माचा, म्हणजे निव्वळ योगायोगाने असा आलेख उमटण्याची शक्यता हजारात तीन. ऐकायला भक्कम वाटतं, पण आमच्या धंद्यात पाच सिग्माखाली कुणी पेढे वाटत नाही. शिवाय हाच वायू ६७पी या धूमकेतूवरही आढळला आहे, आणि तिथे ना समुद्र, ना शेवाळ.

रात्री आईचा फोन. "मग? सापडलं म्हणे."

"अजून नाही गं."

"तू नोकरीला लागल्यापासून हेच सांगतेयस."

दिवसभरात एकानेही त्या ताऱ्याबद्दल विचारलं नाही. माझा पगार त्याच प्रश्नावर चालतो, म्हणून जरा लागलं.

२० मे, मंगळवार

जयंत नारळीकर सर गेले. सकाळी बातमी आली आणि ऑफिसात कुणाचंच कामात लक्ष लागेना.

सांगलीच्या वाचनालयात 'यक्षांची देणगी' हाती पडलं तेव्हा मी नववीत होते. मराठीत असं लिहिता येतं हे तेव्हा कळलं. शास्त्रज्ञ होता येतं हे फार नंतर. मुलं सही मागायला आली की सर म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आयुका उभारणं, स्थिर स्थिती सिद्धान्त, फ्रेड हॉयल हे सगळं उद्याच्या अग्रलेखांत येईल. मला मात्र आज सारखा सरांचा तो बलून आठवतोय. जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेला. ४१ किलोमीटरपर्यंतची हवा निर्जंतुक, अतिथंड नळकांड्यांत भरून खाली आणली आणि तिच्यात जिवंत पेशी आहेत का ते तपासलं. २००५ मध्ये पुन्हा तेच केलं. त्या नमुन्यांतून जिवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या, २००९ मध्ये इस्रोने त्या जाहीर केल्या. एकीला हॉयलचं नाव दिलं, एकीला आर्यभटाचं, एकीला खुद्द इस्रोचं.

हे जीव अवकाशातून खाली आले, हा निष्कर्ष मला कधीच पटला नाही. पृथ्वीवरचेच वर गेले असतील, ही शंका सहजासहजी जात नाही. पण 'जीवसृष्टी इथली की बाहेरची' हा प्रश्न त्यांनी गप्पांतून काढून बाटलीत बंद केला, हात धुऊन, हातमोजे घालून. तेव्हा या विषयाचं नाव काढलं तरी बरेच जण भुवया उंचावत. आज त्यावर स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत.

२ जून, सोमवार

नवी विद्यार्थिनी रुजू झाली. लातूरची, एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र, कॉम्प्युटरवर हात बसलेला. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "मॅम, मला ग्रहांवर काम करायचंय." मी तिला एका ताऱ्याचा डेटा दिला. चेहरा पडला.

मग ग्लीझ ५८१डी ची गोष्ट सांगितली. २००७ मध्ये जाहीर झालेला ग्रह, पुढे जीवयोग्य पट्ट्यात, म्हणजे पाणी द्रवरूप राहील इतक्या अंतरावर, धरला गेलेला, त्याच्या दिशेने रेडिओ संदेशसुद्धा पाठवून झाले. २०१४ मध्ये कळलं की तिथे ग्रह नाहीच, ताऱ्यावरचे डाग फिरताना तसा आकडा देत होते. मग बर्नार्डचा तारा, सहा प्रकाशवर्षांवरचा, अगदी शेजारचा. १९६३ मध्ये पीटर व्हॅन डी कॅम्प यांनी त्याला ग्रह दिला, तो निघाला दुर्बिणीच्या भिंगाची जुळवाजुळव केल्याचा परिणाम. २०१८ मध्ये २३३ दिवसांचा आणखी एक ग्रह आला, तोही २०२१ मध्ये ताऱ्याच्या परिवलनाच्या हिशेबात विरला. आणि आता, २०२४ आणि २०२५ मध्ये, त्याच ताऱ्याभोवती चार ग्रह सापडले आहेत, प्रत्येक पृथ्वीपेक्षा हलका.

"म्हणजे व्हॅन डी कॅम्प बरोबरच होते?"

"छे! ते ज्या ग्रहांबद्दल बोलत होते ते गुरूएवढे होते."

असे ग्रह ताऱ्याच्या डुलण्यावरून ओळखायचे, आणि पृथ्वी सूर्याला आपल्याकडे ओढते ती सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर वेगाने. सूर्याचा स्वतःचा पृष्ठभाग त्याच वेळी सेकंदाला शेकडो मीटर वेगाने वरखाली उकळत असतो. हे आकडे तिने वहीत लिहून घेतले. बघू या.

११ जुलै, शुक्रवार

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर वेळ मागायच्या प्रस्तावाची मुदत तोंडावर आली आहे. बाहेर पाऊस, आत मी आणि 'शास्त्रीय समर्थन' नावाची चार पानं.

काय मागतेय ते इथे साध्या भाषेत लिहून ठेवते, कारण समितीसाठी लिहिताना माझी भाषा लाकडी होते. लाल बटू ताऱ्याचा जीवयोग्य पट्टा त्याच्या अगदी जवळ असतो, कारण ताराच मंद. पण हे तारे तापट. त्यांच्यावर ज्वाला उसळतात, क्ष-किरण आणि अतिनील किरण ग्रहावर आदळतात आणि कोट्यवधी वर्षांत त्याची हवा उडून जाऊ शकते. चार प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्झिमाचा ग्रह ११ दिवसांत फेरी मारतो, आणि तिथे साध्या डोळ्यांना तारा दिसू लागेल इतकी मोठी ज्वाला मार्च २०१६ मध्ये नोंदली गेली. अशा ठिकाणी ग्रहाला चुंबकीय कवच आहे का, हे कळायला हवं.

चुंबकीय क्षेत्रात फिरणारे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात, आणि वारंवारता क्षेत्राच्या प्रमाणात ठरते: दर गॉसला २.८ मेगाहर्ट्झ. गुरूच्या या लहरी ४० मेगाहर्ट्झपर्यंत जातात. १९५५ मध्ये बर्क आणि फ्रँकलिन यांनी त्या टिपल्या. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास, म्हणजे फार तर दीड-दोन मेगाहर्ट्झ. आपला आयनांबर १० मेगाहर्ट्झखालचं काही आतच येऊ देत नाही. तेव्हा दुसऱ्या एखाद्या पृथ्वीचा आवाज खोडदला बसून कधीच ऐकू येणार नाही.

ऐकू येऊ शकतं ते असं: ग्रह ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना त्याला डिवचतो आणि खुद्द तारा बोलतो. गुरूचा उपग्रह आयो गुरूला हेच करायला लावतो. वाय झेड सेटी हा तिमिंगल राशीतला १२ प्रकाशवर्षांवरचा तारा. त्याच्या आतल्या ग्रहाची फेरी दोन दिवसांची. २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्हीएलएवरून आणि आपल्या जीएमआरटीवरून पाहिलेले या ताऱ्याचे रेडिओ उद्रेक जाहीर झाले, ते ग्रहाच्या कक्षेशी जुळतात असं दिसतं. 'दिसतं'च. लाल बटू तारा स्वतःच्या लहरीनेही असाच गरजतो. फरक ओळखायचा तर ग्रह त्याच जागी येईल तेव्हा परत परत ऐकायचं. म्हणून इतके तास हवेत, आणि तेही ठरलेल्या वेळी. दुर्बिणीच्या वेळेचं नियोजन करणाऱ्यांना अशी माणसं आवडत नाहीत.

२३ जुलै, बुधवार

पुढच्या खोलीतला पोस्टडॉक चालला, बेंगळुरूच्या एका बँकेच्या डेटा विभागात. पस्तिशीचा, दोन देशांत तीन करार संपवलेले, बायको नाशिकला, सासरे दर भेटीत 'पर्मनंट कधी?' विचारणारे. ताऱ्यांच्या डागांवरचं त्याचं काम माझ्यापेक्षा सरस आहे. निरोपाच्या भाषणात सगळे म्हणाले, विज्ञानाने एक माणूस गमावला. विज्ञानाने त्याला धरून ठेवायला काय केलं, ते कुणी बोललं नाही. मीही नाही, समोसे होते.

मी टिकले ते हुशारीने कमी, योगाने जास्त. नेदरलँड्समधला करार संपला तेव्हाच इथे जागा निघाली. लोफार दुर्बिणीवर कमी वारंवारतेचं आकाश वाचायला तिथे शिकले, आणि खोडदला नेमकं तेच हवं होतं. जागा वर्षभर उशिरा निघती तर वयाची अट ओलांडली असती.

९ सप्टेंबर, मंगळवार

काल ट्रॅपिस्ट-१ई चे निबंध आले. ट्रॅपिस्ट-१ हा चाळीस प्रकाशवर्षांवरचा तारा, त्याचे पृथ्वीएवढे सात ग्रह, २०१७ पासून सगळ्यांचा लाडका. 'ई' जीवयोग्य पट्ट्यात. वेबने त्याची चार अधिक्रमणं पाहिली, म्हणजे ग्रह चार वेळा ताऱ्यासमोरून जाताना. निष्कर्ष: हायड्रोजनचं मूळ जाडजूड वातावरण नाही. पातळ, नंतर तयार झालेलं असू शकेल, नसूही शकेल. अडचण ताऱ्याची.

लातूरकरणीला समजावताना साडी सुचली. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली साडीचा रंग पारखता येत नाही, म्हणून आई ती दारात उजेडात नेऊन बघते. इथे दार नाही. ग्रहाची हवा तपासायला त्याच ताऱ्याचा उजेड आहे, आणि त्या ताऱ्यावर डाग आहेत, ज्वाला आहेत. इतक्या थंड ताऱ्यावर पाण्याची वाफसुद्धा असते. वाफेची खूण दिसली तर ती कुणाची?

तोडगा मात्र झकास काढलाय. सगळ्यात आतला 'बी' ग्रह बहुधा उघडाबोडका आहे. वेबने मोजलेलं त्याच्या दिवसाच्या बाजूचं तापमान २०२३ मध्ये जाहीर झालं ते २३० सेल्सिअसच्या आसपास, तिथे हवा असल्याचं चिन्ह नाही. 'बी' आणि 'ई' लागोपाठ ताऱ्यासमोरून जातात ते क्षण पकडायचे. 'बी'च्या आलेखात जे दिसेल ते ताऱ्याचं, ते 'ई'मधून वजा करायचं. आणखी पंधरा अधिक्रमणं पाहायची आहेत. ही युक्ती मला सुचायला हवी होती, असं दिवसभर वाटत राहिलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

नासाच्या नोंदीत बाह्यग्रह ६,००० झाले. आम्हाला जीएमआरटीवर वेळ मिळाला, मागितल्याच्या निम्मा.

दुपारी जुन्नर भागातल्या एका शाळेत बोलले. भारताने नाव दिलेला तारा सांगितला: बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींच्या नावाचा, २०१९ चा. मग लाल बटूंचे जवळचे ग्रह, एकच बाजू कायम ताऱ्याकडे असलेले. सातवीतल्या एकीने विचारलं, "मग मधल्या गावांत कायम संध्याकाळ?" म्हटलं, हो, आणि वारा बहुधा सदा एकाच दिशेने वाहणारा. तिने लगेच पुढचं विचारलं: पाऊस कोणत्या बाजूला पडेल? हवामानाची प्रारूपं ताऱ्याच्या बरोबर खालच्या भागावर दाट ढग दाखवतात, असं सांगितलं. ती म्हणाली, "मग तिथे ऊन लागतच नसेल." या ढगांच्या सावलीमुळे जीवयोग्य पट्ट्याची आतली कड ताऱ्याच्या आणखी जवळ सरकते. ते तिने ढगांवरून दोन मिनिटांत गाठलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागरी. गच्चीवर दूध आटतंय. आजच्याच तारखेला १९९५ साली मायर आणि केलोझ यांनी फ्लॉरेन्सच्या परिषदेत ५१ पेगासीचा ग्रह जाहीर केला: गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा, ४.२ दिवसांत फेरी. केलोझ तेव्हा पीएच.डी.चा विद्यार्थी. सुरुवातीला खूप जणांना शंका ताऱ्याचीच होती, की ताराच धडधडत असेल. २०१९ चं नोबेल आज सगळ्यांना आठवतं, ती शंका दूर करायला गेलेला काळ कुणाला आठवत नाही. महाश्व, म्हणजे पेगासस, वर आला आहे, पण या चांदण्यात तो तारा नुसत्या डोळ्यांनी दिसणं कठीण. प्रकाशीय दुर्बिणीवाले आज चंद्राला शिव्या देत असतील. आम्हाला चंद्र चालतो, ढग चालतात. विजेच्या तारा चालत नाहीत.

११ ऑक्टोबर, शनिवार, खोडद

नारायणगावला मिसळ खाऊन संध्याकाळी पोचलो. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, चौदा मध्यावर, बाकीच्या तीन भुजांवर पसरलेल्या. गोविंद स्वरूपांनी भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या बारीक तारांची जाळी वापरली म्हणून हे इतक्या कमी खर्चात उभं राहिलं. ऑपरेटरने बजावलं, रात्री पायी फिरू नका, उसात बिबट्या आहे.

आधी प्रमाणित स्रोत ३सी४८, मग आमचा तारा, मग कॅलिब्रेटर, परत तारा. पश्चिम भुजेवरची एक अँटेना रुसली होती, ती वगळली. दोनच्या सुमाराला लातूरकरीण खुर्चीतून उठलीच. "मॅम, हे बघा." ताऱ्याच्या आलेखात उंच टेकाड, आणि ग्रहही नेमका अपेक्षित जागी.

मी विचारलं, वर्तुळाकार ध्रुवीकरण आहे का? तिने काढून पाहिलं. नाही. लांबच्या अँटेनांच्या जोड्यांत दिसतं का? नाही, फक्त मधल्या चौकात. मग कुठल्या तरी खांबावर ठिणगी उडत असणार. ती खाली बसली. मी चहा मागवला.

पुढची पाळी ग्रह परत त्याच जागी येईल तेव्हा. तोवर तिने टेस उपग्रहाच्या आलेखातून ताऱ्याच्या परिवलनाचा काळ स्वतः काढायचाय. माझा आकडा तिला दाखवलेला नाही.