फळ्यावरील अर्धी ओळ

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आपणांस तोंडपाठ आहे, असा माझा समज होता. त्या बळावर एका अध्यापक महाविद्यालयात मी भावी शिक्षकांपुढे तासभर बोललो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले, सोळाव्या कलमाने अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांवर सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली, सारे सांगितले. अखेरीस एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “वकीलसाहेब, माझ्या सरावपाठाच्या वर्गात एक मुलगी फळ्यावरची ओळ अर्धीच उतरवते. तोंडी विचारले तर सगळे सांगते. तिला कोणते कलम लावू?”

सभागृह हसले. मला हसू आले नाही. माझा धाकटा भाऊ अशाच अर्ध्या ओळींपायी रोज छड्या खात असे आणि सातवीनंतर त्याने शाळेचे तोंड पाहिले नाही. आज देवळातल्या भजनात तो शेकडो अभंग न अडखळता म्हणतो. त्याचे काय चुकत होते, हे आमच्या घरात कोणास कळलेच नाही.

आम्ही वकील निवाड्यांवरून कायदा शिकतो. ती रीत लँगडेल यांनी १८७० साली हार्वर्डमध्ये घातली. १९६९ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपुढे आधी रोग्याची हकीकत ठेवली आणि ग्रंथ मागाहून. शिक्षकाकडून मात्र आपण अजून व्याख्याच घोकून घेतो.

पुढल्या वर्षी मी व्याख्यान दिले नाही. प्राचार्यांच्या अनुमतीने त्या मुलीची हकीकत, नाव न घालता, सात-सात जणांच्या गटांपुढे ठेवली. ठाऊक काय आहे, शोधायचे काय आणि विचारायचे कोणास, एवढेच त्यांनी ठरवायचे. पहिल्या दिवशी बहुतेकांनी ‘आळस’ लिहिले. आठवड्याने परतले ते भांडतच. एका गटाने नेत्रवैद्यास विचारले होते. एकाने मुलीच्या आईस. तिसरा गट तिच्या बाकावर जाऊन बसला, तेव्हा खिडकीतल्या उन्हाने फळ्याची उजवी बाजू पुसल्यासारखी दिसली. जागा बदलली, तरी ओळ पुरती उतरेना. मग अध्ययन-अक्षमतेचा शिक्का मारण्याची घाई झाली. तो अधिकार तज्ज्ञांचा, एवढेच मी बजावले. उद्या सकाळी वर्गात काय करणार, ते सांगा. तपासणीस पाठवायचे, पाठ जाड अक्षरांत कागदावर द्यायचा, वेळ वाढवायचा, काही उत्तरे तोंडी घ्यायची, असे त्यांनी ठरविले.

रात्री हे भावाला सांगितले. बराच वेळ तो गप्प होता. मग एवढेच म्हणाला, “दादा, आमच्या वर्गात खिडकी कोणत्या बाजूला होती रे?”