येरवड्याहून आलेला माणूस

गेल्या हंगामांत इंदापूर तालुक्यांतील आमच्या मळ्यावर एक इसम काम मागावयास आला. बारामतीस बरींच दारें ठोठावून झालीं होतीं. "इतकीं वर्षें कोठें होतास?" असें विचारतां त्यानें खालीं पाहून "येरवड्यास" एवढेंच सांगितलें. आम्हीं "बघूं" म्हणून त्यास वाटेस लावलें.

रात्रीं झोंप येईना. औंध संस्थानानें १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून कैद्यांस भिंतींवांचून शेती करूं दिली. त्यावरून स्फुरलेला 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा बोलपट पाहतांना आम्हीं डोळे पुसले होते! न्यायाधीशानें मोजून दिलेल्या शिक्षेची मुदत वाढविणारे आम्ही कोण?

सकाळीं निरोप धाडला. उसाला रात्रीचें पाणी आतां तोच देतो, आणि आम्ही निजतों.